षटकाराला पाचशे

"मंडळी, लक्ष असू द्या! पुढच्या चेंडूवर षटकार गेला, तर आपल्या गावच्या माजी सरपंचांकडून फलंदाजाला पाचशे रुपये रोख!"

कॉमेंट्रीवाल्याचं वाक्य भोंग्यातून बाहेर पडून पलीकडच्या ताडाच्या झाडांवर आपटून परत येईस्तोवर माजी सरपंच टेबलापाशी पोचले होते. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, गुणलेखकाची वही, झेंडूच्या पाकळ्या आणि चिकटपट्टीने चारी कोपरे चिकटवलेला एक क्यूआर कोड. सरपंचांनी खिशातून पाकीट काढलं नाही, मोबाइल काढला. चष्मा कपाळावर सरकवला, कोडवर नेम धरला, अंगठा दाबला. टेबलाखालच्या साउंडबॉक्समधून खर्जातला आवाज आला, पाचशे रुपये मिळाल्याचा. कॉमेंट्रीवाल्याने माइक सरळ त्या डबीला लावला आणि पाचशे रुपये सगळ्या मैदानाला ऐकू गेले. टाळ्या पडल्या. षटकार मात्र गेला नाही. चेंडू मिडविकेटला, म्हणजे गवताच्या उडवीपाशी, झेलला गेला.

बोईसरहून चिंचणीकडे जाणारा रस्ता सोडून जरा आत वळलं की असं मैदान लागतं. मैदान म्हणजे भातकापणी झालेलं शेत. बांध तात्पुरते सपाट केलेले, खुंट काढलेले, पाणी मारून रोलर फिरवलेला. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत पालघर तालुक्यात शनिवार-रविवारी अशी किती मैदानं गजबजतात याची मोजदाद कुणी ठेवत नसावं. टेनिस बॉल, चार-सहा षटकांचे सामने, गावदेवीच्या नावाने चषक, शामियाना, जनरेटर, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. किनाऱ्यावरच्या गावांत ओहोटी पाहून सामन्याची वेळ ठरते. या खेळाला फाटक नाही, तिकीट नाही, खुर्चीचा नंबर नाही. तरी पैसा आहे आणि बराच आहे. प्रवेश फी, वर्गणी, बक्षिसं, वडापाव, पाणी, सरबत, जाहिरातीचे फलक. गेल्या काही वर्षांत यातला बहुतेक पैसा कागदाचा राहिलेला नाही.

जगभर स्टेडियमं 'कॅशलेस' होत आहेत, अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे लंडन किंवा अमेरिका येते. माझ्या डोळ्यांपुढे हे टेबल येतं. कारण तिकडे रोकड हुकूम काढून बंद झाली. इकडे ती कुणीच बंद केली नाही, तरी ती मागे पडली.

तिकडचं आधी उरकून घेऊ. २०१९ साली फ्लोरिडातल्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या मैदानाने रोकड घेणं थांबवलं. त्याच वर्षी अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमने तेच केलं. लंडनमध्ये टॉटनहॅमचं नवं स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये उघडलं ते पहिल्या दिवसापासून रोकडीशिवाय. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने काय करायचं, यावर अटलांटावाल्यांनी शोधलेला तोडगा मजेदार आहे: उलटं एटीएम. नोटा आत घाला, तेवढ्या रकमेचं कार्ड बाहेर येतं. म्हणजे तुमचे पैसे आधी आमच्या भाषेत भाषांतर करून आणा, मग आपण बोलू. त्याच सुमारास फिलाडेल्फिया शहराने मात्र उलटी वाट धरली आणि १ जुलै २०१९ पासून बहुतेक दुकानांना रोकड नाकारायला कायद्याने मनाई केली. गरीब माणसाकडे कार्ड नसतं, त्याला दारातून परत पाठवणं हा भेदभाव आहे, असं तिथल्या नगरसेवकांचं म्हणणं.

स्टेडियमवाले कॅशलेसचं कारण सांगतात ते रांगेचं. ते खरंही आहे. आयपीएलमध्ये स्ट्रॅटेजिक टाइमआउट अडीच मिनिटांचा आणि दोन डावांमधली सुट्टी वीसेक मिनिटांची. तेवढ्यात हजारो माणसं एकदम उठून काउंटरवर धडकतात. सुट्ट्यांची घासाघीस वाचली तर त्याच वेळात जास्त समोसे विकले जातात. पण न सांगितलं जाणारं दुसरं कारण जास्त वजनदार आहे. मैदानात खाणं विकतो तो ठेकेदार, आणि मैदानाचा मालक त्याच्याकडे विक्रीवर टक्केवारी घेतो. रोकडीत किती विकलं हे ठेकेदार सांगेल ते. कार्डात आणि कोडात किती विकलं हे यंत्र सांगतं. कॅशलेसचा पहिला लाभार्थी प्रेक्षक नाही, हे एकदा लक्षात आलं की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

मुंबईतल्या एका स्टेडियममध्ये (नाव कशाला घ्या) मी भाच्याला घेऊन गेलो होतो. बोईसरहून मुंबई गाठायची म्हणजे डहाणू लोकलमध्ये दोन-अडीच तास. भाच्याने गाडीत बसल्यापासून माझ्या मोबाइलवर जुने सामने पाहिले. फाटकावर पॉवर बँक काढून घेतली. त्यात विशेष काही नाही. २०२३ च्या विश्वचषकात वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना झाला तेव्हा मुंबई पोलिसांनी जाहीर केलेल्या मनाईच्या यादीत पॉवर बँकही होती आणि नाणीही. नाणी फेकून मारतात म्हणून. तर आत गेल्यावर सातव्या षटकात पोराला तहान लागली. काउंटरवर पोचलो, मोबाइल काढला आणि त्याच क्षणी त्याने डोळे मिटले. खिशात पाचशेची करकरीत नोट होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, कॅश नाही घेत. कार्ड आहे का?" कार्ड घरी, कपाटात, कारण 'आता कार्ड कोण वापरतं' असं मीच बायकोला सांगितलं होतं. मागच्या रांगेतल्या नालासोपाऱ्याच्या एका तरुणाने आमचे पैसे भरले आणि माझ्याकडून नोट घेऊन बाकीचे खिशातून मोजून दिले. नोट चालली, पण काउंटरच्या अलीकडे.

फाटकावर पॉवर बँक काढून घ्यायची आणि आत पैसे फक्त मोबाइलने घ्यायचे, हे दोन नियम ज्यांनी केले ते एकमेकांशी बोलत नसावेत.

आमच्याकडे हे कसं आलं? ८ नोव्हेंबर २०१६. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, भात झोडून झालं होतं, स्पर्धांच्या तारखा पडायला लागल्या होत्या. प्रवेश फीचे पैसे मंडळांनी पाचशेच्या नोटांत गोळा करून कपाटात ठेवलेले. रात्री आठला पंतप्रधानांनी पाचशे-हजारच्या नोटा बाद केल्या आणि बँका उघडताच खजिनदार रांगेत. त्या मोसमात किती तरी स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या. आमच्याकडची एक तर आंब्याला पाड लागल्यावर झाली. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं होतं, भीम अॅप ३० डिसेंबरला आलं. पण तेव्हा मैदानावर त्याची नावंही कुणाला ठाऊक नव्हती. नोटबंदीने आम्हाला डिजिटल केलं असं म्हणतात ते मला पटत नाही. नोटबंदीने आम्हाला फक्त घाबरवलं. डिजिटल केलं ते चिल्लरने.

मैदानावरचा धंदा छोट्या आकड्यांचा. दहाचा चहा, पंधरा-वीसचा वडापाव, वीसची पाण्याची बाटली. प्रत्येक जण पाचशेची नोट पुढे करणार आणि विक्रेता "सुट्टे द्या" म्हणणार. सुट्टे नाहीत म्हणून गोळी हातात टेकवणार. दहाचं नाणं 'चालत नाही' ही अफवा मध्ये अशी पसरली होती की रिझर्व्ह बँकेला ते चालतं असं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. या रोजच्या कटकटीवर कोड हा उतारा निघाला. त्यात १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क शून्यावर आणलं, आणि पाठोपाठ करोना आला, नोटेला हात लावायची भीती घेऊन. २०२१-२२ चा मोसम सुरू झाला तेव्हा चहावाल्याच्या स्टोव्हशेजारी कोड उभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले, त्यात आमच्या चहाचे कप असणारच.

गंमत अशी की लोकांच्या हातातली रोकडही त्याच काळात वाढली. नोटबंदीच्या आधी देशात चलनात सुमारे १७.७ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२५ च्या अखेरीस तो आकडा ३६ लाख कोटींच्या वर होता. नोटा गेल्या कुठे? घरात, कपाटात, जमिनीच्या व्यवहारात, लग्नात. मैदानावर मात्र त्या कमी आल्या.

आता कार्डाचं. स्टेडियमं कॅशलेस झाली तेव्हा तिकडे कॅशलेस म्हणजे कार्ड. पालघर तालुक्यातल्या गावच्या मैदानावर मी आजवर एकदाही कार्डाचं यंत्र पाहिलेलं नाही. बोईसरच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानात, मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर आहे. मैदानावर का नाही, तर हिशोब साधा आहे. डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्क बसतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ पासून छोट्या दुकानदारांसाठी, म्हणजे वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असणाऱ्यांसाठी, ते ०.४० टक्क्यांवर आणि बाकीच्यांसाठी ०.९० टक्क्यांवर बांधलं. रुपेला पुढे तेही माफ झालं. क्रेडिट कार्डावर मात्र दीड-दोन टक्के सहज जातात. वीसच्या वडापावावर दोन टक्के म्हणजे चाळीस पैसे. चाळीस पैसे ऐकायला काही नाहीत, पण वडापाववाल्याचा नफाच दोन-तीन रुपयांचा. वर यंत्राचं भाडं, कागदाची गुंडाळी, बॅटरी. त्यापेक्षा कागदाचा कोड बरा, तो पावसात भिजला तर नवा छापून मिळतो.

पण कार्डाला नुसतं हिणवण्यातही अर्थ नाही. मोबाइल मेला तरी कार्ड जिवंत असतं, हे मी स्टेडियमच्या काउंटरवर शिकलो. टॅप करून पाच हजारांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात (ही मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये दोन हजारांवरून वाढवली), म्हणजे रांगेत यूपीआयपेक्षा कार्ड वेगवान. क्रेडिट कार्डावर वस्तू मिळाली नाही तर तक्रार करून पैसे परत मागता येतात. स्पर्धा रद्द झाली, तिकीट बुडालं, तर त्याचा उपयोग होतो. यूपीआयने गेलेला पैसा बहुधा समोरच्याने खुशीने परत द्यायचा असतो, आणि समोरचा तोवर मंडप गुंडाळून गेलेला असतो. चोरीला गेलेल्या कार्डाची भीती खरी, पण तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तोशीस तुम्हाला पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. तो किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे.

आणि उधळेपणा. नोट मोडताना हात जरा अडखळतो, कार्ड टॅप करताना अडखळत नाही. स्टेडियमवाल्यांना हे आपल्याआधी कळलं.

बोईसरात टर्फ झाली आहेत. जाळीने बंदिस्त, हिरवा नकली गालिचा, वर दिवे. त्यांना मी आमची छोटी स्टेडियमं म्हणतो, कारण तिथे फाटक आहे. तासाला हजाराच्या आसपास, सणासुदीला आणि शनिवारी जास्त. आगाऊ पैसे यूपीआयने, नाही तर स्लॉट नाही. तारापूर एमआयडीसीतली पोरं दुसऱ्या पाळीतून अकराला सुटली की तिथे येतात. बारा जण, प्रत्येकाची कॉन्ट्री. एकजण सगळे पैसे भरतो, ग्रुपवर आकडा टाकतो आणि मग दोन दिवस 'भावा, तुझे राहिले' चालतं. पूर्वी कॉन्ट्री जमवणारा मैदानावर हातरुमाल पसरायचा आणि कुणी पळून जाऊ शकत नसे. आता पळवाट ग्रुपमध्येच आहे: मेसेज पाहायचाच नाही.

तिथे ओडिशाचा एक मुलगा रोजंदारीवर साफसफाई करतो. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. अशा फोनवरून पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून आहे, १२३पे या नावाने. त्याने ते नावही ऐकलेलं नाही. त्याला टर्फवर एक तास खेळायचं असेल तर? मी मॅनेजरला विचारलं. तो हसला. "तो खेळत नाही, साहेब." हे उत्तर मला मैदानातल्या सगळ्या उत्तरांपेक्षा जास्त आठवतं.

इथे शार्दूल ठाकूरचं नाव येणारच. पालघरजवळच्या माहीमचा हा पोरगा. २००६ साली बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या शाळेविरुद्ध धावाही केल्या, बळीही घेतले, आणि तिथले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं. त्या काळी उपनगरी लोकल विरारपर्यंतच येई. डहाणू रोडपर्यंत ती आली एप्रिल २०१३ मध्ये. तोवर पोरांनी शटल आणि पॅसेंजरच्या भरवशावर क्रिकेटची किट बॅग वाहिली. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर शार्दूल अंधेरीहून लोकल पकडूनच पालघरला आला, तेव्हा डब्यातल्या लोकांनी त्याचा फोटो गूगलवर शोधून खात्री करून घेतली होती. शेतातल्या मैदानापासून वानखेडेपर्यंतचं अंतर नव्वद-शंभर किलोमीटर. तिथे त्याचा खेळ पाहायला जायचं तर तिकीटही आता प्रामुख्याने ऑनलाइन मिळतं. तो ज्या गावातून आला त्या गावातल्या म्हाताऱ्याला नातवाच्या मोबाइलशिवाय त्याचा सामना मैदानात जाऊन पाहता येत नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही, तसं ते झालं आहे.

परत शेतात येऊ. तिथे शेंगा विकणारी एक बाई बसते. मार्चपर्यंत उकडलेल्या शेंगा आणि बोरं, पुढे ताडगोळे. तिच्या टोपलीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर कोड आहे. स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव येतं ते एका पुरुषाचं. तिचा जावई, एमआयडीसीत कामाला. तिच्याकडे साउंडबॉक्स नाही, कारण त्याला महिन्याला शंभर-सव्वाशे भाडं पडतं आणि तिचा मोसम पाच महिन्यांचा. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारते, "गेले का? दाखव." गिऱ्हाईक हिरवी खूण दाखवतं. ती खूण खरी की बनावट अॅपवरची, हे तिला कळायचा मार्ग नाही. पैसे खरोखर जमा झाले का, हे संध्याकाळी जावयाला फोन केल्यावर कळतं. आणि जमा झाले तरी ते जावयाच्या खात्यात.

मी विचारलं, "पैसे देतो का तो?"

"देतो ना. मागितले की देतो."

'मागितले की.' नोट होती तोवर ती कमरेच्या पिशवीत जायची आणि तिथून तिच्या मर्जीने बाहेर यायची. आता तिच्या स्वतःच्या कमाईसाठी तिला मागावं लागतं. तिचं बँकेत खातं नाही असं नाही. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे तिच्याच खात्यावर येतात, आणि ते ती गावातल्या केंद्रावर अंगठा लावून काढते. पण त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुना, तो बंद पडलेला. नंबर बदलायचा तर बोईसरच्या शाखेत जायचं, म्हणजे एक दिवसाची बुडीत. खातं आहे, पैसा आहे, फोनही आहे. या तिघांना एकत्र बांधणारा दोरा तेवढा तुटलेला. कॅशलेसचे फायदे-तोटे म्हणून जे तक्ते छापतात त्यात हा दोरा कुठल्या रकान्यात घालायचा?

मंडळाच्या टेबलाची गोष्ट वेगळी. तिथे कोडने उपकारच केले आहेत, हे मान्य केलं पाहिजे. पूर्वी स्पर्धा संपल्यावर महिनाभर गावात एकच चर्चा: हिशोब. वहीत वर्गणी एक, पेटीत रक्कम दुसरी. खजिनदारावर संशय, त्यावरून भावकीत अबोला. आता खजिनदार खात्याचा उतारा ग्रुपवर टाकतो, आणि कुणी किती दिले हे नावानिशी दिसतं. ज्याने पाच हजार जाहीर करून दोनच दिले तोही दिसतो. फी आगाऊ आल्याशिवाय संघाचं नाव ड्रॉमध्ये पडत नाही, त्यामुळे ऐन वेळी न येणारे संघ कमी झाले.

फक्त तो कोड मंडळाचा नाही, खजिनदाराचा खाजगी आहे. मंडळाचं खातं काढायचं तर नोंदणी, ठराव, दोन सह्या, पॅन. हे सगळं कोण करणार? एका खजिनदाराने मला सांगितलं, घरासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा बँकेने एप्रिल-मेमधली मोठी उलाढाल दाखवून विचारलं, हे कसले पैसे? तो म्हणाला, क्रिकेटचे. साहेबाच्या चेहऱ्यावर सट्ट्याची छाया पसरली. त्याला स्पर्धेची पत्रिका नेऊन दाखवावी लागली. दुसरी भीती आणखी मोठी. सायबर फसवणुकीचा पैसा फिरत फिरत कुणाकडून तुमच्या कोडवर आला, तर तपासात तुमचं खातंही गोठवलं जाऊ शकतं. चहाच्या दहा रुपयांपायी हजारो रुपये अडकलेल्या विक्रेत्यांच्या बातम्या देशभरातून येत असतात. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत विक्रीकर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, आणि आठवड्याभरात तिथल्या टपऱ्यांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. आमच्या चहावाल्याने ती बातमी मोबाइलवर पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माझी किती होते हो वर्षाला?" मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग काही हरकत नाही, मला तेवढे मिळेस्तोवर माझा नातू म्हातारा होईल."

आणि नेटवर्क. २०२५ ची हनुमान जयंती, १२ एप्रिल, शनिवार. गावोगावी उत्सव, दुपारी स्पर्धा. त्या दिवशी देशभर यूपीआय काही तास कोलमडलं. त्याआधी २६ मार्चलाही तेच झालं होतं. मी ज्या मैदानावर होतो तिथे आधी सगळ्यांना वाटलं टॉवर गेला. टॉवर आमच्याकडे जातोच. अंतिम सामन्याला हजार-दोन हजार माणसं एका टॉवरवर, त्यात निम्मी लाइव्ह पाहतायत, समोर मैदान दिसत असताना. (पुन्हा दाखवतात म्हणून, असं कारण मिळालं.) पण त्या दिवशी टॉवर होता, पैसेच हलत नव्हते. कुणाचे खात्यातून गेले आणि डबी वाजली नाही. दुकानदाराला द्यायचे पैसे मध्येच अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा २०१९ चा नियम आहे. वडापाववाल्याला तो सांगून काय उपयोग? गरम वडा पाच दिवस थांबत नाही. त्याने वहीची मागची पानं उघडली आणि नावं लिहायला घेतली. सगळे ओळखीचे, त्यामुळे जमलं. वानखेडेवर तेहतीस हजार अनोळखी माणसं असती तर त्याने काय लिहिलं असतं?

तर सुरुवातीच्या त्या मैदानावरचा अंतिम सामना. मे महिना, रात्रीचे अकरा, हॅलोजनभोवती किडे. शेवटच्या षटकात बारा हव्या होत्या. आता बक्षिसं डबीतून वाजत होती, शंभर, दोनशे, एकदा पाचशे. कॉमेंट्रीवाल्याला आकडे मोजता येईनात. तेवढ्यात प्रेक्षकांतून धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि सरळ खेळपट्टीकडे चालायला लागले. पंचांनी हात वर करून खेळ थांबवला. गृहस्थांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेली पाचशेची नोट काढली आणि फलंदाजाच्या टीशर्टला, छातीवर, सेफ्टी पिनने टाचली. षटकार जायच्या आधीच. सगळं मैदान उभं राहिलं. डबीला लावलेला माइक कॉमेंट्रीवाल्याने काढून घेतला.

पोराने पुढचा चेंडू पलीकडच्या बांधाच्याही पलीकडे भिरकावला. दोन चेंडूंनंतर सामना संपला.

बक्षीस समारंभात तो पोरगा छातीवर नोट घेऊनच वावरत होता. बाकीच्या बक्षिसांचे पैसे रात्री खात्यावर टाकतो, असं खजिनदाराने सांगितलं. त्याने मान डोलावली, पण बोट नोटेवरच. गर्दी पांगल्यावर तो शेंगावालीपाशी आला. टोपलीत शेवटचे ताडगोळे. त्याने चार उचलले, पिन काढली आणि नोट पुढे केली.

"एवढे सुट्टे कुठून आणू रे बाबा, या वेळेला?" ती म्हणाली. "स्कॅन कर ना."

"फोन भावाकडे आहे, तो घरी गेला."

तिने नोटेकडे पाहिलं, पिनने पडलेल्या भोकाकडे पाहिलं, आणि पोराच्या हातातले ताडगोळे कागदात गुंडाळून दिले.

"जा. सकाळी दे."